फायरमन, ड्रायव्हर, पंतप्रधान
(इरुंगाट्टुकोट्टै, चेन्नई येथील कामगार अभ्यासवर्गात केलेले भाषण)

इथल्या मोटार कारखान्यातील तरुण कामगारांनी काल विचारले, हातात पाना धरणारा माणूस संसदेत जाऊन काय दिवे लावणार? याच तामिळनाडूतून रेल्वे कामगारांचे पुढारी आनंद नंबियार १९५२, १९६२ व १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले. आज मात्र मी ऑस्ट्रेलियातील, आपल्याच खात्यातील एका माणसाची हकिगत सांगणार आहे.

बेन चिफ्ली हे बाथर्स्ट गावच्या लोहाराचे चिरंजीव. जन्म १८८५ चा. १९०३ मध्ये ते लोको शेडमध्ये पोऱ्या म्हणून लागले. रात्रीच्या वर्गात शिकून १९१४ मध्ये इंजिन ड्रायव्हर झाले. १९१७ मध्ये वर्कशॉपात प्रत्येक कामाचा वेळ टिपणारी कार्डे आली. त्याविरुद्ध संप झाला आणि तो मोडला. चिफ्ली बडतर्फ झाले. परत घेतले ते फायरमन म्हणून, सेवाज्येष्ठता काढून! १९७४ च्या संपानंतर ‘ब्रेक इन सर्व्हिस’ भोगलेल्यांना याचा अर्थ सांगायला नको.

१९२८ मध्ये ते खासदार झाले, १९३१ मध्ये पडले, १९४० मध्ये पुन्हा निवडून आले. १९४१ मध्ये अर्थमंत्री आणि १९४५ मध्ये पंतप्रधान. तरी राहत साध्या हॉटेलातील खोलीत. १९४७ मध्ये त्यांनी खाजगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला. पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो अडवला.

आता दुसरी बाजू. १९४९ मध्ये कोळसा खाणकामगारांनी पस्तीस तासांचा आठवडा मागून संप केला. देशात वीज तुटली, कारखाने थांबले. याच चिफ्लींच्या सरकारने युनियनचा निधी गोठवला, पुढारी तुरुंगात टाकले आणि ऑगस्टमध्ये खाणीत सैनिक उतरवले. डिसेंबरच्या निवडणुकीत सरकार गेले.

साथींनो, हा माणूस विकला गेला नव्हता. पण मंत्र्याच्या खुर्चीला देश चालवायचा असतो आणि युनियनला कामगाराचे घर. दोन्ही एकाच माणसावर सोपवता येत नाही.

म्हणून संसदेत आपली माणसे नकोत काय? हवीतच. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि १९७४ चे बडतर्फ कामगार कामावर परतले. पण निवडून दिले की आपले काम संपत नाही. खासदाराला गेट मीटिंगला बोलवा, हिशेब मागा. आणि संप करायचा की नाही, हा निर्णय कोणत्याही मंत्र्याकडे गहाण टाकू नका, मग तो आपल्या शेडमधला का असेना!