परीक्षेचा प्रश्न कोणीं लिहावा?

परीक्षा म्हटली कीं आपणांस परीक्षार्थी आठवतो. प्रश्न लिहिणारा मात्र पडद्याआडच राहतो. शाळेच्या परीक्षेंत हें एकवेळ चालेल. परंतु ज्या परीक्षेवरून परिचारिकेला रुग्णाची शुश्रूषा करण्याचा परवाना मिळावयाचा, तेथें प्रश्न कोणीं लिहिला हें पाहणें अगत्याचें आहे.

अमेरिकेचें उदाहरण घेऊं. तेथें १९४४ पासून परिचारिकांच्या परवान्यासाठीं राज्याराज्यांची सामाईक परीक्षा सुरू झाली. पुढें तींत औषधोपचार, शस्त्रक्रिया, प्रसूति, बालशुश्रूषा आणि मनोरुग्णशुश्रूषा असे पांच विषय निरनिराळे असत. १९८२ मध्यें हे भाग मोडून एकच संमिश्र परीक्षा आली. १९९४ पासून ती संगणकावर होते. भारतांतील परिचारिकाही ती देतात. एकत्रीकरणाचा हेतु योग्यच होता; कारण मधुमेहाचा रुग्णही मनानें खचतो, आणि मनोरुग्णालाही ताप येतो. परंतु स्वतंत्र विभाग गेला, तेव्हां त्या विषयाची राखीव जागाही गेली. म्हणून मनोरुग्णांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना प्रश्नलेखनासाठीं मुद्दाम पाचारण करणें अधिकच आवश्यक झालें आहे.

एक प्रश्न पाहा. रुग्ण म्हणतो, ‘मला कोणी तरी हांका मारीत आहे.’ परिचारिकेनें प्रथम काय म्हणावें? केवळ पुस्तकें वाचलेला लेखक ‘येथें कोणी नाहीं, घाबरूं नका’ हें उत्तर ठरवील, आणि त्याशेजारीं तीन हास्यास्पद पर्याय ठेवील. अनुभवी परिचारिका जाणते कीं, वाद घालून आवाज थांबत नाहींत. आणि ‘मलाही ऐकूं येतें’ म्हणणें ही तर फसवणूक. ती शांतपणें विचारते, ‘ते आवाज तुम्हांला काय सांगतात?’ कारण स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याची ती आज्ञा असेल, तर तेंच प्रथम कळलें पाहिजे. नवखी परिचारिका नेमकी कोठें चुकते, हेंही तिला ठाऊक असतें. तीच चूक ती चुकीचा पर्याय म्हणून मांडते. चांगला प्रश्न असाच तयार होतो.

‘पण मी लेखिका नाहीं,’ असें कोणी म्हणेल. प्रश्नाची घडण शिकवितां येते. लिहिलेला प्रश्न इतर जाणकार तपासतात. मग तो खऱ्या परीक्षेंत, गुण न धरतां, अजमावून पाहिला जातो. आणि तयार उमेदवारालाच तो अडवितो कीं काय, हें आंकड्यांवरून ठरतें. भाषेची उणीव अशी भरून निघते. अनुभवाची निघत नाहीं.

वाईट प्रश्नानें दोन अनर्थ होतात: लायक परिचारिका बाहेर राहते, किंवा अपुऱ्या तयारीची आंत येते. दुसऱ्या अनर्थाचें मोल रुग्णाला द्यावें लागतें. मनोरुग्ण बहुधा तक्रार करीत नाहीं. केली तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवतो? प्रश्नपत्रिका ही त्याच्या वतीनें बोलण्याची एक जागा आहे. ज्यांनीं त्याच्या उशाशीं रात्री काढल्या, त्यांनीं ती रिकामी सोडूं नये.