लग्नाची जुनी कॅसेट आणि आताचा रुंद टीव्ही

मी सानगडीहून बोलते आहे. मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक हप्त्यांवरून सुरू झाली आणि लग्नाच्या कॅसेटवर संपली. पेटीत एकेक कॅसेट बहुतेकींकडे निघाली, म्हणून आज तेच सांगते.

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न १९९७ सालचं. दोन वर्षांनी बाबा गेले. चालते-बोलते बाबा फक्त त्या कॅसेटमध्ये. शहरातल्या एका दुकानातून तिची डीव्हीडी करून आणली आणि नव्या टीव्हीवर लावली, तर आमचे काडीसारखे बाबा पहिलवान! आम्ही पोरी हसलो. आई हसली नाही. म्हणाली, "हे कोण?"

जुन्या टीव्हीचं चित्र चारास तीन मापाचं, आताचं सोळास नऊ. पडदा भरावा म्हणून दुकानदार चित्र आडवं ताणतो, तेव्हा माणूस एक तृतीयांश जाड होतो. न ताणता भरायचं तर वरून-खालून मिळून पाव चित्र कापावं लागतं; मग अक्षतांचे हात जातात आणि खाली बसलेल्या आज्याही. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. त्यात चित्र काहीच वाया जात नाही. मात्र दुकानदाराशी भांडण्याआधी रिमोटवर चित्राचं माप बघा, कधी टीव्हीच ताणत असतो. आमचं डीव्हीडीतच ताणलेलं होतं.

कॅसेट देण्याआधी तिच्या खिडकीतून बघा. फितीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीतच आहे. तशी कॅसेट लावूच नका, आधी साफ करून घ्या. नाहीतर यंत्र खराब होतं आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटलाही लागते. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात, घाई करू नका. चांगलं चित्र हवं तर एका डीव्हीडीत दोनेक तासच घ्या, उरलेलं दुसरीत. एक प्रत पेनड्राइव्हवरही मागा. आणि कॅसेट परत आणा बरं का!

फार थांबूही नका. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई कंपनी २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. आता आहेत ती जुनीच यंत्रं.

आम्ही पुन्हा पैसे भरून पट्ट्यांसकट डीव्हीडी करून घेतली. त्यात पंगतीत वाढताना बाबा कॅमेऱ्याकडे बघून "जा रे तिकडे" असा हात करतात. आई तेवढाच भाग परत परत लावायला सांगते.