एका लॅटिन धातूचा गोतावळा



इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या वह्या उघडून पाहिल्या, तर त्यांत शब्दांच्या लांबच लांब याद्या आढळतात. एका पानावर 'इन्स्पेक्ट' म्हणजे तपासणें, पांच पानांपुढें 'सस्पेक्ट' म्हणजे संशय घेणें, आणखी पुढें 'रिस्पेक्ट' म्हणजे आदर करणें. मूल बिचारें प्रत्येक शब्द निराळा समजून घोकीत असतें. वास्तविक हीं सारीं एकाच घरचीं माणसें आहेत. त्यांची ओळख नात्यानें करून दिली, तर घोकंपट्टीचा बराचसा भार उतरेल, आणि इंग्रजीची भीतिही कांहीं अंशीं ओसरेल.

या घराचा मूळ पुरुष म्हणजे लॅटिन भाषेंतील 'स्पेकेरे' हें क्रियापद. त्याचा अर्थ 'पाहणें'. 'इन' म्हणजे आंत. आंत डोकावून पाहणें तें 'इन्स्पेक्ट'. 'सुब' म्हणजे खालून; खालून, चोरट्या नजरेनें पाहणें तें 'सस्पेक्ट'. 'रे' म्हणजे मागें. ज्याच्याकडे पुन्हां वळून पाहावेंसें वाटतें त्याच्याविषयींचा भाव तो 'रिस्पेक्ट'. 'दे' म्हणजे वरून खालीं. तशा नजरेनें पाहणें तें 'डिस्पाइज', म्हणजे तुच्छ लेखणें. 'एक्स' म्हणजे बाहेर. कोणी येणार म्हणून बाहेर नजर लावणें तें 'एक्स्पेक्ट'. आपणही अशा वेळीं 'वाट पाहतों' असेंच म्हणतों.

'डिस्पाइज' या शब्दाचा चेहरा भावंडांहून निराळा कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर इतिहासांत आहे. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें आणि त्यांच्याबरोबर राजदरबारांत व न्यायालयांत फ्रेंच भाषा आली. फ्रेंच ही लॅटिनची लेक. तिच्या मुखांत झिजून गुळगुळीत झालेले अनेक लॅटिन शब्द इंग्रजींत शिरले. पुढें विद्येच्या पुनरुज्जीवनाच्या काळांत पंडितांनीं लॅटिन ग्रंथांतून कित्येक शब्द थेट उचलले. त्यामुळें कधीं कधीं एकच शब्द दोन वेषांत नांदतो. 'स्पीशीज' म्हणजे रूप किंवा प्रकार. उत्तरकालीन लॅटिनमध्यें त्याला व्यापारी मालाचाही अर्थ आला. आणि फ्रेंचच्या द्वारें आलेला त्याचाच दुसरा अवतार म्हणजे 'स्पाइस', आपल्या स्वयंपाकघरांतील मसाला! आपल्याकडे 'क्षेत्र' आणि 'शेत' हे असेच एका शब्दाचे दोन वेष आहेत.

आतां आपल्या घरांत पाहूं. संस्कृतांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणें. त्यापासून अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, निरीक्षक, प्रेक्षक हे शब्द झाले. 'एक्स्पेक्ट'च्या शेजारीं 'अपेक्षा', 'इन्स्पेक्टर'च्या शेजारीं 'निरीक्षक' आणि 'स्पेक्टेटर'च्या शेजारीं 'प्रेक्षक' मांडून पाहा. धातूला उपसर्ग लावून शब्द घडविण्याची रीत दोन्हीकडे एकच! तरीही 'ईक्ष्' हा 'स्पेकेरे'चा सख्खा भाऊ नव्हे. तो समान उद्योग करणारा शेजारी होय. सख्खा भाऊ आहे 'स्पश्'. 'पश्यति' हें रूप त्याच घरचें, आणि आपण नित्य वापरतों तो 'स्पष्ट' हा शब्दही तेथलाच. स्पष्ट म्हणजे नीट दिसलेलें. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ उगमापासून निघाल्या असाव्यात, असें प्रतिपादन केलें. त्या विधानाची साक्ष आपल्या रोजच्या बोलण्यांत अशी दडलेली आहे.

मात्र येथें दोन गोष्टींविषयीं सावध राहिलें पाहिजे. पहिली ही कीं, व्युत्पत्ति म्हणजे अर्थ नव्हे. 'सर्कम्स्पेक्ट' म्हणजे सभोंवार पाहणारा. 'परीक्षा' या शब्दांतही 'परि' म्हणजे सभोंवार पाहणेंच आहे. परंतु इंग्रजी शब्दाचा अर्थ झाला सावध, आणि आपला शब्द विद्यार्थ्यांचा थरकाप उडवितो! शब्द कोठून निघाला हें धातु सांगतो. तो कोठें पोहोंचला हें रूढि सांगते. दुसरी गोष्ट, नुसत्या सारखेपणानें फसूं नये. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर 'एक्स्पेक्टोरंट' असा शब्द असतो. त्याचा 'एक्स्पेक्ट'शीं कांहीं संबंध नाहीं. तो 'पेक्टस', म्हणजे छाती, या शब्दापासून आला. छातींतील कफ बाहेर काढणारें तें औषध.

म्हणून मुलांच्या हातीं केवळ अर्थ सांगणारा कोश देऊं नये. व्युत्पत्ति देणारा कोश द्यावा, आणि नवा शब्द आला कीं व्युत्पत्तीची ती एक ओळ त्यांच्याकडून वाचून घ्यावी. शेजारीं त्याच धातूचे आणखी चार शब्द लिहवावेत. घोकलेला शब्द परीक्षेनंतर निघून जातो. ज्याचें कुळ ठाऊक झालें तो शब्द आपल्या सोयऱ्यांना घेऊन घरीं येतो.