चार तारांचा क्वात्रो, दहा तारांचा क्वात्रो

स्पॅनिश भाषेत ‘क्वात्रो’ म्हणजे चार. लॅटिन अमेरिकेत काही तंतुवाद्यांचंही हेच नाव आहे. त्यांतल्या दोन वाद्यांची आज ओळख करून घेऊ.

पहिला क्वात्रो व्हेनेझुएलाचा. दिसायला छोटी गिटारच, नायलॉनच्या चार तारांची. तारा लावतात ला, रे, फा-शार्प आणि सी या स्वरांत. तीन तारा चढत जातात. चौथी मात्र खाली उतरून ला आणि रे यांच्या मधे बसते. हा क्रम मुलांच्या तोंडी बसावा म्हणून त्यावर ‘काम-बुर-पिन-तोन’ हे शब्द गुणगुणायला शिकवतात. अर्थ, पिकू लागलेलं केळं! चारही स्वर एका सप्तकाच्या आतले, त्यामुळे एका फटकाऱ्यात दाट झंकार उठतो. तिथल्या गवताळ मैदानी प्रदेशात, ‘होरोपो’ या नाचगाण्यात, हार्प धून वाजवते आणि क्वात्रो ताल धरतो. हात तारांवर टेकवून मधूनच आवाज तोडला, की कोरडा ठोका पडतो. साथीला माराकासचे खुळखुळे असले की ढोल लागत नाही. फ्रेडी रेयना (1917–2001) यांनी याच वाद्याला साथीतून उचलून एकल वादनाच्या मंचावर बसवलं.

दुसरा क्वात्रो प्वेर्तो रिकोचा. जुन्या वाद्याला चारच तारा होत्या. आज पोलादी तारांच्या पाच जोड्या, म्हणजे दहा तारा आहेत, आणि बांधा व्हायोलिनसारखा. जुन्या पद्धतीचे कारागीर मान आणि पोट एकाच ओंडक्यातून कोरून काढतात, मग वर पातळ फळी बसवतात. डोंगराळ भागातल्या ‘हीबारो’ शेतकऱ्यांच्या दहा ओळींच्या गीतांना तो साथ देतो. नाताळात गाणारी मंडळी घरोघर फिरतात, तेव्हा तो बरोबर असतोच. स्थलांतरितांबरोबर तो न्यूयॉर्कला पोहोचला. तिथे 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला क्वात्रोवादक योमो तोरो यांनी साल्सा संगीतकार विली कोलोन यांच्या नाताळच्या ध्वनिमुद्रिकेत तो वाजवला आणि साल्सा या शहरी नृत्यसंगीतात डोंगरातला सूर मिसळला.

एका प्रदेशाने तारा चारच ठेवून हाताचं कसब वाढवलं, दुसऱ्याने धून खुलावी म्हणून तारा वाढवल्या. दोन्ही वाटा खऱ्या, कारण दोन्ही ठिकाणी वाद्य सामान्य माणसाच्याच हातात राहिलं. ही वाद्यं जरूर ऐका: व्हेनेझुएलाचं ऐकताना फटकाऱ्याकडे कान द्या, प्वेर्तो रिकोचं ऐकताना धुनेकडे.