घरचा कर्ता गेल्यावर



बेंगळुरूतल्या आपल्या रेल्वे-टपाल परिवारापुढे आज मागण्यांचे बोलत नाही. नोकरीत असताना माणूस गेला की तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. मग वहिनी एकट्याच कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे येतात.

जुन्या पेन्शनच्या नियमांत कुटुंब निवृत्तिवेतन 10 वर्षे शेवटच्या मूळ पगाराच्या 50 टक्के मिळते, पुढे 30 टक्के. म्हणजे 50,000 पगारावर 25,000, नंतर 15,000. महागाई भत्ता वेगळा. एका वहिनींनी 25,000 कायमचे धरून पंधरा वर्षांचे घरकर्ज घेतले. अकराव्या वर्षी हप्ता अंगावर आला. फॉर्म आम्हीच भरून दिला होता, पण हे सांगायचे राहिले. चूक आमची. तेव्हापासून पहिल्याच दिवशी सांगतो.

ग्रॅच्युइटी हाती आली की दीर, भाचे, चिटवाले, सगळ्यांना वहिनींची आठवण येते! सहा महिने कुणाला होकार देऊ नका. रक्कम बँकेत नाहीतर आपल्याच टपालात ठेवा. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्या.

आणि भावांनो, लग्नाला वीस वर्षे झाली तरी काहींच्या बँकखात्यावर नॉमिनी अजून आईच आहे. आज घरी जाऊन पासबुके काढा, बायकोला शेजारी बसवा. अडेल तिथे ऑफिसात या, संध्याकाळी आम्ही असतोच.