टेबलावरचे विमान
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



“तुमच्या त्या विमानांविषयी चार शब्द बोला,” असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला बरे वाटले. एरवी मला एकच प्रश्न येतो : “या वयात हा पोरखेळ कशाला? याचा उपयोग काय?” आज त्याचे उत्तर देते.

सध्या माझ्या टेबलावर आहे ते स्पिटफायर. हे इंग्रजी लढाऊ विमान १९३६ साली प्रथम उडाले. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ३७ फूट. माझी प्रतिकृती त्याच्या चोविसाव्या हिश्शाची, म्हणजे दीड फुटाहून थोडी जास्त. एवढ्या मोठ्या मापात आतले इंजिनसुद्धा जोडावे लागते.

प्लॅस्टिकचे सुटे भाग कापून, पॉलिश पेपरने घासून साबणाच्या पाण्याने धुवायचे. साच्याचा तेलकटपणा राहिला, तर रंग धरत नाही. मग अस्तर. त्यावर पोटाकडे फिका रंग, पाठीवर मातकट तपकिरी आणि गर्द हिरवा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे. जाड रंगाखाली पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा बुजून जातात. खिडकी मात्र उघडी ठेवावी.

हे इंजिन जोडता जोडताच मी त्याच्याविषयी वाचू लागले, आणि मला बिअ‍ॅट्रिस शिलिंग भेटल्या. १९४० साली या विमानाचे नाक एकदम खाली दाबले, की इंजिन गुदमरे. जर्मन विमानांना ती अडचण नव्हती; ती सूर मारून निसटत. फार्नबरोच्या सरकारी संस्थेत इंजिनिअर असलेल्या, मोटारसायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्या या बाईंनी इंधनाच्या वाटेत बसवायची भोकाची एक लहानशी चकती काढली. भोकातून हवे तेवढेच इंधन जाई. १९४१ साली ती विमानांना बसवली गेली. कायमचा उपाय पुढे निघाला. तोवर वैमानिकांचे प्राण त्या चकतीवर होते.

कारखान्यातून ही विमाने तळावर उडवत नेणाऱ्यांतही स्त्रिया होत्या. १९४३ पासून त्यांना पुरुषांइतका पगार मिळू लागला. विमाने म्हणजे पुरुषांचे काम, असे मीही ऐकतच वाढले होते. टेबलावरच्या या खेळण्याने मला ते खोटे असल्याचे दाखवले.

भगिनींनो, या छंदातून घरात पैसा येत नाही. पण संध्याकाळचा एक तास आणि टेबलाचा एक कोपरा माझा आहे, हे आता घरातली सर्व माणसे जाणतात. तेवढा तास मिळवायला मला विमान लागले. तुम्हांला वीणकाम लागेल, पेटी लागेल, नाहीतर नुसते वाचन. उपयोग विचारणाऱ्यांना खुशाल विचारू द्या. तास मात्र सोडू नका.

कोणाला विमान पाहायचे असेल, तर अवश्य यावे. फक्त रंग वाळेपर्यंत हात लावू नये!