कोंबडीच्या पोटातले पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. शिक्षण सातवीपर्यंत, आणि त्यानंतर सारा जन्म चूल आणि अंगण यांतच गेला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही कोंबडीचा इलाज घरी केलात, तेवढेच चार बायकांना सांगा." मी म्हटले, "अहो, पण कोंबडी वाचली नाही." त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा." म्हणून आज उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

आपली वाघोली 2021 साली पुणे महानगरपालिकेत गेली. नगर रस्त्याला मोठमोठ्या इमारती उठल्या. तरी आपल्या जुन्या घरांच्या मागल्या अंगणात अजून खुराडी आहेत. माझ्याकडे सात कोंबड्या होत्या. सहा गावरान आणि एक तांबडी, पोल्ट्रीतून काढून टाकलेली, बाजारात स्वस्तात मिळालेली. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. तांबडीच्या जातीची मात्र भर उमेदीत तीनशेच्या घरात जाते. तिच्या अंड्यांवर माझ्या घरचा साखर-चहा निघे, म्हणून तिच्यावर जीवही जास्त.

गेल्या पावसाळ्यात तांबडीने अंडी बंद केली आणि ती एका कोपऱ्यात बसून राहू लागली. मला वाटले, खुडूक झाली. मग पोट वाढलेले दिसले. सासूबाई म्हणाल्या, अंडे अडकले असेल. आम्ही तिला कोमट पाण्यात बसवले, ओव्याचे पाणी पाजले. यात आठ दिवस गेले. ही माझी पहिली चूक.

अंडे अडकलेली कोंबडी वारंवार जोर करते, शेपूट वरखाली हलवते आणि हाताला आत कठीण लागते. ते एक-दोन दिवसांचे निकडीचे दुखणे असते, आणि त्याला कोमट पाण्याचा उपयोग होतो. तांबडीचे तसे नव्हते. तिच्या दोन पायांच्या मधला भाग पाण्याने भरलेल्या फुग्यासारखा हाताला डुचमळत होता. छातीचे हाड मात्र सुरीसारखे वर आले होते. म्हणजे अंग वाळत होते आणि पोट वाढत होते. ती बदकासारखी पाय फाकून चाले, चार पावलांत धापा टाके. याला जलोदर म्हणतात. माणसाला होतो, तसाच कोंबडीला.

मुलाने मोबाईलवर पाहिले की सुई घालून हे पाणी घरीच काढता येते. त्याने औषधाच्या दुकानातून सुई आणि सिरिंज आणली. मी तांबडीला मांडीवर उताणी धरली, आणि बघता बघता तिची चोच उघडली, तुरा निळा पडला. मी घाबरून तिला सरळ केले. सुई टोचलीच नाही. ही दुसरी चूक, आणि हिच्यात ती तिथेच जायची. आपल्या छाती-पोटाच्या मध्ये पडदा असतो, तसा कोंबडीला नसतो. उताणी केली की पोटातले सारे पाणी श्वासाच्या जागेवर येते. म्हणून पोट भरलेल्या कोंबडीला कधीही उताणी धरू नये.

दुसऱ्या दिवशी तिला डालग्यात घालून गुरांच्या दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला जुन्या धडप्यात गुंडाळून मला उभीच धरायला सांगितली. उजव्या बाजूला, पोटाच्या खालच्या अंगाची चार पिसे बाजूला करून कातडी औषधाने पुसली आणि कोरी सुई जरा तिरपी, थोडीशीच आत घातली. उजवीच बाजू का, म्हणून मी विचारले. त्या म्हणाल्या, कोंबडीचे अंडाशय आणि अंड्याची नळी डावीकडेच असते, दगडीही डावीकडेच. तिकडे सुई गेली तर आतले काहीतरी फाटायचे.

गवताच्या काडीच्या रंगाचे पातळ पाणी आले. सुमारे 200 मिलिलिटर काढून त्या थांबल्या. अजून पुष्कळ आत होते, पण सगळे एकदम काढले तर कोंबडी गळाठते आणि मरतेही. पाणी दाट, गढूळ, बलकासारखे किंवा वास मारणारे आले तर आत अंडे फुटून पू झाला असे समजावे. त्याला निराळे औषध लागते. ते औषध चालू असता, आणि नंतरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, तिची अंडी खायची नाहीत.

घरी आल्यावर तांबडीने बाजरी टिपली. मला वाटले, जिंकलो. पण डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते, "बाई, पाणी काढणे म्हणजे उसंत देणे. पाणी का साठते, ते कारण आतच राहते." हे वाक्य माझ्या लक्षात राहिले आहे. पाण्याची कारणे अनेक. कधी हृदय थकते, कधी यकृत बिघडते, कधी बलक पोटात सांडतो, कधी अंडाशयावर गाठी होतात. बाहेरून पोट सारखेच दिसते.

यांतले काही आपल्या हातात आहे. पावसाळ्यात बुरशी आलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड आपण "कोंबड्यांना चालेल" म्हणून टाकतो. त्या बुरशीचे विष यकृत जाळते. खारट उरलेसुरले, लोणच्याचा खार, पापडाचा चुरा हेही देऊ नये. आजारी कोंबडीला वेगळ्या डालग्यात, कोरड्या भुश्श्यावर, पाणी चोचीजवळ ठेवून बसवावे. तिला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. माणसाची पाणी उतरवायची गोळी अंदाजाने देऊ नये. आणि एकाएकी पाच-सहा कोंबड्या मेल्या तर ते जलोदर नव्हे. नंदुरबारच्या नवापूरला 2006 साली बर्ड फ्लू आला, आणि 2021 साली पुन्हा आला. तसे काही दिसले तर झाकून न ठेवता लगेच गुरांच्या दवाखान्यात कळवावे. मेलेली कोंबडी खाऊ नये, उघड्यावर टाकू नये.

तांबडीचे पोट तीन आठवड्यांनी पुन्हा भरले. पुन्हा पाणी काढले. मग आठच दिवसांत भरले. प्रत्येक खेपेला ती अधिक वाळत गेली. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारले, "काढू का?" मी तांबडीकडे पाहिले. दाणा समोर होता आणि ती डोळे मिटून बसली होती. मी नको म्हटले. त्यांनी इंजेक्शन देऊन तिला शांत केले. ही मात्र चूक झाली असे मला वाटत नाही.

तिला काय झाले होते ते कळावे, म्हणून त्यांनी तिथेच पोट उघडून दाखवले. अंडाशयावर फुलकोबीसारख्या गाठी होत्या. त्या म्हणाल्या, फार अंडी घालणाऱ्या, वय झालेल्या कोंबड्यांत हा कर्करोग आपोआप होतो. बायकांच्या अंडाशयाच्या कर्करोगाशी तो इतका जुळतो की शास्त्रज्ञ त्याच्यासाठी कोंबड्यांचा अभ्यास करतात. आणि बायकांतही त्याची खूण पुष्कळदा हीच असते, पोट फुगणे.

ते ऐकले आणि मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. त्यांना विचारूनच सांगते, त्या समोरच बसल्या आहेत. चार महिने त्यांचे पोट फुगत होते, दोन घासांत भरत होते, आणि आम्ही सगळ्या गॅस, गॅस म्हणून ओवाच देत होतो. तांबडीला दिला तोच. दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेले. सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली. शस्त्रक्रिया झाली. देवाच्या कृपेने गाठ साधी निघाली.

भगिनींनो, पोट फुगले की दर वेळी मोठाच रोग असतो असे नाही, बहुधा नसतोच. पण दोन-तीन आठवडे रोज पोट फुगत असेल, लवकर भरत असेल, ओटीपोट दुखत असेल, लघवीला वरचेवर जावे लागत असेल, तर ओव्यावर थांबू नये. माझे तांबडीचे आठ दिवस ओव्यात गेले आणि जाऊबाईंचे चार महिने.

ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी आज रात्री खुराडे लावताना प्रत्येकीच्या पोटाखालून हात फिरवून पाहावा. अंधारात त्या शांत असतात, धरू देतात. आणि तोच हात स्वतःकडे आणि घरातल्या बायकांकडेही फिरवावा.